जुनी जीप, हूकचे दोन शोध आणि उंचीचा हिशेब

देहू-आळंदी रस्त्यावरचे तळवडे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. गावाच्या एका अंगाला अकुर्डी आणि पिंपरीचे जुने मोटार कारखाने आहेत, तर इंद्रायणीपलीकडे चाकणचे नवे. या सबंध पट्ट्यात सुटे भाग करणाऱ्या छोट्या शेड आहेत आणि लोखंडाची नाडी ओळखणारे कारागीर आहेत. त्यामुळे जुनी महिंद्राची जीप, टेल्कोची सिएरा किंवा पहिल्या पिढीची सफारी जपणाऱ्यांना इथे हात लावायला माणूस मिळतो. अशा गाडीचा मालक गॅरेजमध्ये आला की बहुधा दोनच प्रश्न विचारतो. गाडी किती उचलायची आणि टायर कोणते घालायचे?

हे प्रश्न गॅरेजचे वाटतात, पण त्यांची उत्तरे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आहेत आणि त्यांची सुरुवात साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडते.

एकाच पुस्तकातले दोन शोध

१६७६ साली रॉबर्ट हूक याने दुर्बिणी आणि इतर उपकरणांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक सांधा वर्णिला होता. दोन दांड्या एका रेषेत नसल्या, तरी एकीचे फिरणे दुसरीला पोचवणारा हा सांधा. त्याच पुस्तकाच्या शेवटी हूकने आणखी एक शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्यात दडवून ठेवला होता. त्याची फोड त्याने १६७८ मध्ये जाहीर केली. स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा जोर, असा त्याचा अर्थ होता. हाच आपण मुलांना शिकवतो तो हूकचा नियम.

जीपखाली वाकून पाहिले तर हे दोन्ही शोध हाताच्या अंतरावर दिसतात. एक्सलवर बसवलेले पोलादी पाटे हूकच्या नियमाने वागतात. इंजिनाचा जोर एक्सलकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना हूकचा सांधा असतो, ज्याला मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणतात. गाडी उचलताना पहिला शोध उंची देतो आणि दुसरा तिची किंमत वसूल करतो.

जीप मुंबईत येते

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने चारही चाकांना जोर मिळणारी हलकी गाडी मागितली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना ४९ दिवसांत उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर होते. टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचे. आजच्या नजरेला ते सायकलीसारखे किरकोळ वाटतील.

महिंद्रा बंधूंनी १९४५ मध्ये मुंबईत कंपनी काढली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. पोलीस, पाटबंधारे, वनखाते, सरकारी दवाखाने अशा सर्वांची ती गाडी झाली. कित्येक दशके तिच्या चारही चाकांवर पाटेच राहिले. पुण्यात टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणि १९९८ मध्ये सफारी आणली, तेव्हा पुढची चाके पाट्यांवरून पिळाच्या दांडीवर, म्हणजे टॉर्शन बारवर, आली. ही दांडी पिळली की उलट जोर करते. विद्युतभारांमधले बल मोजण्यासाठी कूलाँबने १७८५ मध्ये तारेच्या अशाच पिळाचा उपयोग केला होता.

पाटा वाढवला की

जुन्या जीपला उंची देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक पाटा वाढवणे. हिशेब करून पाहू. समजा, पाच पाट्यांची जुडी गाडीच्या वजनाखाली १० सेंटीमीटर दबते. सारख्याच जातीचा सहावा पाटा घातला तर कडकपणा सुमारे सहास पाच या प्रमाणात वाढेल आणि जुडी ८.३ सेंटीमीटर दबेल. म्हणजे उंची मिळाली पावणेदोन सेंटीमीटरपेक्षाही कमी, आणि बैठक मात्र वीस टक्के कडक झाली. कडक पाट्यांवर चाक खड्ड्यात उतरत नाही, ते हवेत लोंबते. आणि ज्या चाकाखाली जमीन नाही ते गाडी ओढू शकत नाही.

दुसरा मार्ग पाट्यांची कमान वाढवण्याचा. त्यात कडकपणा फारसा बदलत नाही, म्हणून तो अधिक शास्त्रशुद्ध आहे. मात्र पाटा भट्टीत लाल करून ठोकला आणि पुन्हा नीट पाणी दिले नाही, तर पोलादाची लवचीकता जाते आणि वर्षभरात कमान बसते. तिसरा मार्ग लांब शॅकलचा. त्याने पाट्याचे एकच टोक खाली जाते आणि एक्सल थोडा फिरतो. पुढच्या एक्सलवर यामुळे कॅस्टर, म्हणजे सायकलच्या पुढच्या काट्याला असतो तसा कल, बदलतो. तो कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

सफारीच्या टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की पुढची बाजू पाच मिनिटांत वर येते आणि दांडीचा कडकपणाही तोच राहतो. पण चाकाची खाली जाण्याची वाट तेवढी कमी होते. चाक आधीच तळाशी आलेले असते.

क्रॉसची वसुली

शरीर वर गेले, एक्सल जागेवर राहिला. म्हणजे दोघांना जोडणारा शाफ्ट अधिक तिरका झाला. जीपची लांबी कमी, म्हणून मागचा शाफ्टही आखूड. समजा तो ५० सेंटीमीटरचा आहे आणि मूळचा कोन ५ अंशांचा आहे. गाडी साडेसात सेंटीमीटर उचलली तर कोन सुमारे साडेतेरा अंश होईल.

हूकच्या सांध्याचा एक दोष असा की, एक दांडी एकसारखी फिरत असली तरी दुसरी प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा रेंगाळते. हा फरक कोनाच्या कोसाइनवरून काढता येतो. ५ अंशांना तो अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, साडेतेरा अंशांना जवळजवळ तीन टक्के होतो. कोन पावणेतीन पट वाढला, पण धडपड सातपट वाढली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एक सांधा दुसऱ्याची चूक भरून काढतो, पण मधला शाफ्ट तरीही हिसके खातच राहतो. लांब शॅकलमुळे एक्सल फिरला असेल तर ही भरपाईही होत नाही. गाडीच्या तळातून येणारा घरघराट आणि लवकर झिजणारे क्रॉस हे या हिशेबाचे बिल.

एक्सल कोण उचलतो?

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. पाटे किंवा टॉर्शन बार गाडीचे शरीर उचलतात. खडकावर आपटणारा डिफरन्शियलचा गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. पाट्यांनी गाडी साडेसात सेंटीमीटर उचलली, तरी मागचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. त्याला वर नेऊ शकतो फक्त टायर.

सफारीचे जुने माप २३५/७५ आर १५. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या भिंतीची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. मुलांना हे गणित जरूर करायला द्यावे. व्यास येतो सुमारे ७३४ मिलिमीटर. त्याऐवजी ३१ इंची टायर घातला तर व्यास ७८७. फरक ५३ मिलिमीटरचा, पण एक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, जेमतेम २७ मिलिमीटर. तेवढ्यासाठी एका फेरीत गाडी सात टक्के जास्त अंतर कापते. काटा ताशी ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने धावत असते. चढावर चाकाचा जोर आणि उतारावर त्याच दाबाला ब्रेकचा जोर, दोन्ही त्याच प्रमाणात घटतात.

रुंदीविषयीही एक गैरसमज आहे. गाडीचे वजन बहुतांशी टायरमधली हवा पेलते. म्हणून एका चाकावरचे वजन भागिले हवेचा दाब, हे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ झाले. ३७५ किलो भार आणि दर चौरस सेंटीमीटरला २.१ किलो दाब असेल, तर ते सुमारे १८० चौरस सेंटीमीटर येते. दाब तोच ठेवून रुंद टायर घातला तर क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, फक्त त्याचा आकार आडवा होतो. क्षेत्रफळ वाढवायचे तर हवा कमी करावी लागते. कोकणातल्या पुळणीवर त्याचा उपयोग आहे, डांबरी रस्त्यावर येण्याआधी मात्र ती पुन्हा भरलीच पाहिजे. सह्याद्रीतल्या पातळ चिखलाखाली बहुधा कठीण थर असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो. देशावरच्या काळ्या चिकट मातीत रुंदीपेक्षा टायरच्या ठोकळ्यांमधली जागा महत्त्वाची. ती मोकळी असेल तर माती फेकली जाते, नाहीतर टायर गुळगुळीत गोळा होतो.

घसरणे की उलटणे?

आता सर्वांत गंभीर मुद्दा. वळणावर गाडी दोनपैकी एका प्रकारे हार मानते. ती घसरते किंवा उलटते. डावी-उजवी चाके यांच्यातल्या अंतराचे निम्मे घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. हा आकडा टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणांकापेक्षा मोठा असेल तोवर गाडी आधी घसरते. लहान झाला की आधी उलटते.

जुन्या जीपच्या चाकांमधले अंतर सुमारे १२५ सेंटीमीटर. गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटरवर धरला तर आकडा १.०४ येतो. उचलल्यामुळे गुरुत्वमध्य ६८ वर गेला तर ०.९२. छतावर कॅरियर आणि सामान चढवून तो ७५ वर गेला तर ०.८३. आणि कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.८ ते ०.९ च्या घरात असतो. म्हणजे उंची एक आकडा खाली आणते, चांगले टायर दुसरा वर नेतात, आणि मधली सुरक्षित फट दोन्ही बाजूंनी मिटते. स्प्रिंगा दबून गाडी कलते, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती याहूनही वाईट असते.

हा केवळ कागदी हिशेब नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीवर होते; टायरचे आवरण सुटून गाड्या उलटत होत्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या रस्ता-सुरक्षा संस्थेने वरच्याच भागाकारावर आधारलेली गाड्यांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली.

वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. खेळण्यातली मोटार फळीवर आडवी ठेवा, तिची चाके फिरू देऊ नका आणि फळी हळूहळू तिरपी करा. गुळगुळीत फळीवर मोटार घसरेल. फळीला काचकागद चिकटवा आणि मोटारीच्या टपावर नाणी रचत जा. एका नाण्यानंतर ती घसरायचे सोडून उलटू लागेल. ते कितवे नाणे, हे मुलांनाच शोधू द्या.

मग काय करावे?

आमच्या मते क्रम उलटा लावावा. आधी गाडी कोणत्या जमिनीवर जाणार ते ठरवावे, मग टायर, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो टायर कुठे घासू नये एवढ्यापुरतीच उंची. ब्रेकची नळी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्या उंचीला पुरतात की नाही, हे चाक लोंबते ठेवून पाहावे. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाला या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

१९४० सालच्या जीपकर्त्यांनी गाडी बुटकी, हलकी आणि अरुंद टायरांची केली. चाकाला जमीन सापडली पाहिजे आणि गाडी चाकांवर उभी राहिली पाहिजे, या दोन गरजा त्यात साधल्या होत्या. जुन्या गाडीला पाना लावण्याआधी कागदावर एवढे दोन भागाकार करून पाहिले, तरी पुष्कळ खर्च आणि एखादा जीव वाचेल.