चिंचोळीचा मुख्यमंत्री

१९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं. उदगीर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. बिदर, गुलबर्गा आणि रायचूरचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. औराद-भालकीच्या माणसाला कालपर्यंत राजधानी म्हणजे हैदराबाद, जवळचं गाव. आता बंगळूर, सातशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब आपलं गाऱ्हाणं ऐकणारं कोण?

बारा वर्षांनी, मे १९६८ मध्ये, त्या राजधानीच्या खुर्चीवर चिंचोळीचे वीरेंद्र पाटील बसले. या मुलखातला पहिला मुख्यमंत्री. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सीमेवरच्या मराठी माणसाला महाराष्ट्र हवा होता हे खरं. पण मुख्यमंत्री आपल्या हैदराबादी मुलखाचा, उस्मानियात कायदा शिकलेला, हेही काही थोडं नव्हतं.

निजलिंगप्पा काँग्रेसचे अध्यक्ष होऊन दिल्लीला गेले म्हणून ही खुर्ची रिकामी झाली होती. पाटील आणि रामकृष्ण हेगडे ही त्यांची लव-कुश जोडी. १९६९ ला काँग्रेस फुटली तेव्हा पाटील निजलिंगप्पांच्या बाजूनं, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधात राहिले. १९७१ च्या लोकसभेत म्हैसूर राज्यातल्या सगळ्या २७ जागा इंदिराबाईंनी जिंकल्या आणि मार्चमध्ये पाटलांचं सरकार गेलं. १९७८ ला चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत ते त्यांच्याच समोर उभे राहिले आणि सुमारे ७७ हजार मतांनी पडले. पुढं त्यांच्याच पक्षात आले, १९८० ला बागलकोटहून लोकसभेत गेले, केंद्रात मंत्री झाले. याला कोणी शहाणपण म्हणेल, कोणी शरणागती.

१९८९ मध्ये मात्र त्यांनी राज्यात काँग्रेसला २२४ पैकी १७८ जागा मिळवून दिल्या. एवढं बहुमत असूनही खुर्ची टिकली जेमतेम दहा महिने. ऑक्टोबर १९९० मध्ये पाटील आजारी. चन्नपट्टण-रामनगरला दंगली पेटलेल्या. राजीव गांधी आले, पाहून गेले आणि जाता जाता बंगळूरच्या विमानतळावर मुख्यमंत्री बदलणार असं सांगून मोकळे झाले. १० तारखेला राष्ट्रपती राजवट, १७ ला बंगारप्पा. दोन्ही कारकिर्दी मिळून पाटलांची पावणेचार वर्षंही भरत नाहीत.

मला इथं मॉरिशस आठवतो. कोकणातून गेलेली मराठी घरं तिथंही आहेत. त्या एवढ्याशा बेटावर १९८२ ला अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि ते पंतप्रधान झाले. १९९५ ला त्याच मतदारांनी त्यांना त्या साठांतली एकही जागा दिली नाही. २००० ला परत बोलावलं. लोकांनीच चढवलं, लोकांनीच उतरवलं. हरलेल्या माणसाला त्यात अपमान वाटला तरी अन्याय म्हणता येत नाही.

पाटलांचं तसं नव्हतं. १९७१ ला मतदार फिरले आणि सरकार गेलं, तो न्यायच म्हणावा. १९९० ला मतदाराला कोणी विचारलंच नाही. आजारी माणसाकडून कारभार होत नसेल, तर निर्णय त्याला निवडणाऱ्या आमदारांनी बसून घ्यायचा असतो. इथं तो आधी विमानतळावर जाहीर झाला.

पुढं १९९४ ला काँग्रेस १७८ वरून ३४ वर आली. महागाई, भांडणं, इतर कारणंही होती. पण लिंगायत समाज काँग्रेसपासून तुटला तो या अपमानामुळं, असं अभ्यासक सांगतात. मला त्यात समाजापुरतं काही दिसत नाही. चिंचोळीहून बंगळूर लांब, हे आम्हाला ठाऊकच होतं. बंगळूरची खुर्चीसुद्धा दिल्लीच्या हातात असते, हे १९९० नं शिकवलं. १९९७ मध्ये पाटील गेले. त्यानंतर आमच्या भागाला पुढचा मुख्यमंत्री, जेवरगीचे धरमसिंग, मिळायला २००४ उजाडलं. आणि त्यांचीही खुर्ची वीस महिन्यांत गेली, तीही मतदाराला न विचारताच.