माणसांची केटी

आयटीत काम करणाऱ्याला 'केटी' म्हणजे काय ते सांगायला नको. नॉलेज ट्रान्सफर! एखादा सीनिअर पेपर टाकतो आणि मॅनेजरला अचानक आठवतं की ते मोड्यूल फक्त त्यालाच कळतं. मग नोटिस पीरियडच्या शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईची सेशन्स, अर्धवट डॉक्युमेंट्स.. आणि तो गेल्यावर लक्षात येतं की खरी गोम कुठेच लिहिलेली नव्हती.

आता समजा, हा सीनिअर सत्तरीचा आहे, त्याचं मोड्यूल म्हणजे तासन् तास चालणारं एक गाणं आहे, ते त्याला तोंडपाठ आहे आणि शिकायला समोर कुणीच बसलेलं नाही. मग?

हा प्रश्न एकदा एका अख्ख्या देशापुढे उभा राहिला. देश दक्षिण कोरिया, काळ १९६० च्या आसपासचा. १९१० ते १९४५ जपानची सत्ता, मग १९५० ते १९५३ युद्ध. गावं उजाड झालेली, माणसं पोटासाठी सोलकडे निघालेली. मुखवटे घालून करायचे खेळ, बाहुल्यांचे खेळ, पान्सोरी (एक गायक, एक ढोलवाला आणि एक लांबलचक गोष्ट).. हे सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं आणि म्हातारे एकेक करून जात होते.

१९६० मध्ये 'हान्गुक इल्बो' या वर्तमानपत्राचा ये योंग-हे नावाचा पत्रकार या कलाकारांना शोधत फिरायला लागला. त्याने त्यांच्यावर लेखमाला लिहिली आणि त्यांना शब्द वापरला 'इन्गान मुनह्वाजे', म्हणजे 'मानवी सांस्कृतिक ठेवा'. देऊळ किंवा जुना बुरूज हा ठेवा असतो, तसाच हा माणूसही ठेवा आहे, असा त्याचा अर्थ. हा शब्द लोकांच्या तोंडी इतका बसला की कायद्यातला अधिकृत शब्द वेगळा असूनही आजही लोक हाच वापरतात.

कायदा आला जानेवारी १९६२ मध्ये. तेव्हा सत्तेवर होता पार्क चुंग-ही, आदल्याच वर्षी लष्करी उठाव करून आलेला. गंमत म्हणजे कायद्याचा नमुना होता जपानच्या १९५० च्या कायद्याचा. ज्यांच्या राजवटीतून सुटून जेमतेम १७ वर्षं झाली, त्यांच्याकडूनच कल्पना उचलली! पण १९६४ मध्ये पहिली यादी निघाली ती बघण्यासारखी होती. क्रमांक १ राजघराण्याच्या पूर्वजपूजेचं संगीत. क्रमांक २ यांगजू गावचा मुखवट्यांचा खेळ. क्रमांक ३ गावोगाव भटकणाऱ्यांचा बाहुल्यांचा खेळ. राजाचं संगीत आणि भटक्यांच्या बाहुल्या एकाच यादीत, शेजारी शेजारी.

आता या योजनेचा खरा गाभा. नुसतं प्रमाणपत्र आणि शाल देऊन प्रकरण मिटवलं नाही. मान्यता मिळालेल्या कलाकाराला पुढे दरमहा मानधन मिळू लागलं, पण त्याच्या बदल्यात शिष्य तयार करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. हळूहळू एक शिडी तयार झाली. खाली विद्यावेतन घेणारे विद्यार्थी, मग किमान ३ वर्षं शिकून परीक्षा दिलेले 'इसुजा', त्यावर सहायक गुरू आणि सगळ्यात वर स्वतः उस्ताद. म्हणजे सरकार कलेला नव्हे, केटीला पैसे देत होतं.

याचा फायदा किती, ते बोंगसानच्या मुखवटा-नाचावरून दिसतं. बोंगसान हे गाव आज उत्तर कोरियात आहे. तिथे जाणं अशक्य. पण युद्धात दक्षिणेत पळून आलेल्या कलाकारांनी तो खेळ आठवणीतून पुन्हा उभा केला, १९६७ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि शिष्यांची रांग लागली. गाव गेलं, खेळ राहिला.

पण बग्जही होतेच. कायद्याचा भर होता 'वोनह्योंग'वर, म्हणजे मूळ रूपावर. आता लोककलेचं मूळ रूप कुठलं? दर पिढीत, दर गावात ती बदलतच आलेली असते. पण ज्या दिवशी अधिकारी वही घेऊन आले, त्या दिवशीचं व्हर्जन 'मूळ' ठरलं आणि तिथे कोड फ्रीझ झाला! ज्याला मान्यता मिळाली त्याची शैली खरी, शेजारच्या गावचा तितकाच तयार कलाकार मात्र यादीबाहेर.

दुसरा बग मधल्या पायरीचा. विद्यार्थ्याला विद्यावेतन, उस्तादाला मानधन. पण शिकून तयार झालेल्या 'इसुजा'ला कित्येक वर्षं नियमित मासिक मानधन नव्हतं. संसार सुरू होण्याच्या वयात, म्हणजे नेमका आपल्या वयात, हात रिकामा.

आणि मग इतिहासाने एक मजेदार वळण घेतलं. मुखवट्यांच्या खेळात उमराव आणि ढोंगी भिक्षूंची यथेच्छ टिंगल असते. १९७० च्या दशकात विद्यापीठांतली पोरं हे खेळ शिकली आणि उमरावांच्या जागी त्यांनी आजचे सत्ताधारी उभे केले. ज्या राजवटीने मूळ रूप जपायला पैसे दिले, तिच्याच विरोधात तो खेळ मैदानात उतरला! मला विचाराल तर कला जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा नाही. पुढे २०१५ च्या नव्या कायद्यात 'मूळ रूप' हा शब्द गेला आणि त्याजागी गाभा जपण्याची, पण बदलाला वाव देणारी भाषा आली. २०२२ मध्ये हे मुखवटा-नाच युनेस्कोच्या यादीत गेले.

आपल्याकडेही विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे (महाराष्ट्र नागपूर आणि उदयपूर या दोन्ही केंद्रांत येतो). गेल्या काही वर्षांत सरकारने जाहीर केलेले आकडे असे: गुरूला महिना ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००. मुदत सहा महिने ते एक वर्ष. कल्पना उत्तम आहे, पण एका वर्षात ढोलकी हातात बसते का, हे कुठल्याही ढोलकीवाल्याला विचारून बघा. आणि १,५०० रुपयांत महिना कसा काढायचा, हे त्याच्या शिष्याला.

म्हातारपणी पुरस्कार देणं सोपं असतं, फोटोही छान येतो. खर्च करायला हवा तो शिकण्याच्या वर्षांवर आणि शिकून झाल्यावरच्या पहिल्या काही कठीण वर्षांवर. त्यानंतर त्या पोराने त्या कलेचं काय करायचं, ते त्याच्यावर सोडावं.