तैग्रिसकाठचा शिपाई आणि सातवीचा प्रकल्प

आजचा विषय पहिलं महायुद्ध आहे, पण थोड्या वेगळ्या बाजूने. सहावी ते आठवीची मुलं या युद्धावर प्रकल्प करतात, तेव्हा आपण मोठ्यांनी त्यांना नेमकी काय मदत करायची?

प्रकल्पाची वही उघडली की पहिल्या पानावर साराजेव्होचा खून, मग मित्रराष्ट्रं, मग व्हर्सायचा तह. सगळं बरोबरच असतं. पण ते मुलाने शोधलेलं नसतं, उतरवलेलं असतं. याला मी मुलांना दोष देत नाही. ‘महायुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्नच इतका मोठा आहे की त्यावर इतिहासकार शंभर वर्षं भांडतायत. बारा वर्षांच्या मुलाला पेलेल असा प्रश्न द्यायला हवा. उदाहरणार्थ: पश्चिम महाराष्ट्रातला शेतकऱ्याचा मुलगा १९१५ साली इराकमध्ये काय करत होता?

आता या एका प्रश्नातून काय काय निघतं बघा. सहाव्या पुणे डिव्हिजनचं सैन्य नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरलं आणि त्याच महिन्यात त्यांनी बसरा घेतलं. का? तर शेजारी अबादानला तेलाचा कारखाना होता. म्हणजे मूल आपोआप ‘कारणां’पर्यंत येतं, फक्त मागच्या दाराने. पुढे हेच सैन्य जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली बगदादच्या दिशेने गेलं, टेसिफॉनला अडलं, मागे फिरलं आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडलं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

वेढ्यात धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस खायला नकार दिला, आणि हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली. इथे मुलांना थांबवा. ही हकीकत आपल्याला सांगतं कोण? बहुतेक वेळा इंग्रज अधिकारी. टाऊनशेंडने १९२० मध्ये या मोहिमेवर स्वतःचं पुस्तक काढलं. कैदेत तो इस्तंबूलजवळच्या बेटावर बऱ्यापैकी आरामात राहिला, आणि त्याचे शिपाई वाळवंटातून पायी चालवले गेले. हरलेल्या सेनापतीने लिहिलेली गोष्ट कशी वाचायची, हे सातवीच्या मुलाला छान कळतं. भांडण झाल्यावर दोघं वर्गशिक्षकांना काय सांगतात, ते त्याने रोज पाहिलेलं असतं!

मग शिपायांचं स्वतःचं काही आहे का? आहे, थोडं. फ्रान्समध्ये लढणाऱ्या आणि इंग्लंडच्या इस्पितळांत पडलेल्या हिंदी जवानांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे. त्यातल्या उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण शिपाई सांगणार, लिहिणारा दुसराच, भाषांतर करणारा तिसरा, आणि पत्र उघडलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक. शिवाय त्यात पंजाबकडचा आवाज मोठा आहे, मराठी कमी. मुलांना हे सांगूनच पत्र हातात द्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हासुद्धा मिळतो. मात्र स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर अवलंबून! ‘जाधव’ तीन-चार प्रकारे टाकून पाहावं लागतं. ‘मराठा’तसुद्धा एक जादा ‘एच’ आहे.

या यादीत बसरा स्मारक भेटतं. चाळीस हजारांहून जास्त मृतांचं ते स्मारक. त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. पण साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा. ही वागणूक असमान होती, हे आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केलं. म्हणून एखाद्या मुलीने यादीतून आपल्या तालुक्यातलं एक नाव काढून वहीत देवनागरीत लिहिलं, तर त्या भिंतीवर जे झालं नाही ते तिने केलेलं असतं. प्रकल्पाला याहून मोठं कारण मला तरी सुचत नाही.

गावातही बघा. अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत छोटी संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके मेले. दोन वेगळे आकडे असतात ते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाबद्दल सेहेचाळीस हा आकडा नेहमी सांगितला जातो. गेलेले की मेलेले, आणि तो कुठे कोरलाय, हे मुलांनीच विचारावं. मुंबईत असाल तर मशीद बंदरला खलाशांचं स्मारक आहे, दोन हजारांहून जास्त मृतांचं. कोकणातल्या घरांनी तिकडून सुरुवात केली तरी चालेल.

शिक्षकांना एक विनंती. वहीत शेवटी ‘काय शोधलं आणि सापडलं नाही’ असं एक पान ठेवा, आणि त्याला गुण द्या. पाच द्या, दहा द्या, पण द्या. नाहीतर मुलं ती जागा कल्पनेने भरतात.

वेळ होत आली, प्रश्न घेऊया.