बंगालच्या ताटातील मासा



‘माछे-भाते बंगाली’ अशी एक म्हण बंगाल्यात घरोघर प्रचलित आहे. मासा आणि भात यांवर ज्याचा पिंड पोसला तो बंगाली, असा तिचा आशय. वरवर पाहता हे खवय्याचे बोल वाटतात. परंतु थोडे खोल शिरले असता असे आढळून येते की, त्या प्रांतात मासा हा केवळ रुचीचा विषय नसून मांगल्याचे माप आहे. आणि ज्या वस्तूने सुख मोजावयाचे, तिच्या अभावाने दुःखही मोजता येते. बंगालचा इतिहास या मापाने मोजून पाहावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. गंगा, ब्रह्मपुत्र आणि मेघना यांनी आणलेल्या गाळाने हा देश घडला. पावसाळ्यात नद्या फुगल्या म्हणजे भाताची शेते पाण्याखाली जातात आणि त्याच पाण्याबरोबर मासे शेतात शिरतात. घर पुरापासून वर राहावे म्हणून माती खणून जोते उंच करावयाचे आणि त्या खड्ड्याचे तळे करावयाचे, ही तेथील खेड्यांची जुनी रीत. तांदूळ आणि मासा ही एकाच पाण्याची दोन लेकरे. म्हणूनच कोकणातील मनुष्याचे चित्त जसे समुद्राच्या मासळीकडे, तसे बंगाल्याचे रोहू, कटला, मागूर अशा गोड्या पाण्यातील माशांकडे ओढ घेते.

अशा देशात धर्मशास्त्रासही पाण्याचा मान राखावा लागला. पहाडपूर व मयनामती येथील प्राचीन विहारांच्या मातीच्या फलकांवर मासे कापणे व टोपल्यांतून वाहून नेणे अशी दृश्ये आहेत. अमरकोशावर 1159 च्या सुमारास टीका लिहिणारा सर्वानंद वंगाल लोकांच्या सुक्या माशांच्या आवडीचा उल्लेख करतो. इतर प्रांतांतील ब्राह्मण या आहारास नावे ठेवीत, तेव्हा भवदेव भट्ट या विद्वान मंत्र्याने स्मृतिवचनांचा असा अर्थ लावला की, निषेध आहे तो ठराविक तिथींपुरता, सर्वकाळचा नव्हे. बृहद्धर्मपुराणाने तर रोहित, शफर, शकुल आदी मासे ब्राह्मणास भक्ष्य ठरविले. आपल्याकडील गौड सारस्वत मंडळींस हा युक्तिवाद परका वाटणार नाही. पुढे चैतन्यांच्या वैष्णव संप्रदायाने मत्स्याहार वर्ज्य मानला; तथापि सर्वसामान्य घरातून मासा हलला नाही.

बालकाच्या अन्नप्राशनात खिरीबरोबर मासा असतो. लग्नात हळदीच्या दिवशी वराकडून वधूकडे मोठा रोहू पाठवितात, आणि हौशी घरी त्यास नवरीप्रमाणे सजवितात. कित्येक घरांत नववधू गृहप्रवेशाच्या वेळी हाती मासा धरते. घरात मृत्यू झाला म्हणजे मासा बंद होतो आणि श्राद्धानंतर ‘मत्स्यमुखी’ होऊन सुतक संपते. शोकातून संसारात परतण्याचे दारच जणू माशाचे!

परंतु हे दार सर्वांस उघडे नव्हते. घरातील पुरुष मत्स्यमुखीनंतर पुन्हा मासा खाऊ लागत. त्याच घरातील उच्चवर्णीय विधवेला मात्र तो जन्मभर वर्ज्य होई. त्याबरोबर कांदा, लसूण व मसुराची डाळही जाई, आणि एकादशीस पाण्याचा थेंबदेखील घ्यावयाचा नाही. ज्या मुलीस संसार म्हणजे काय हे कळलेही नाही, तिच्यावर हा दंड बसे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नाने 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी ताटावरची बंदी कायद्याने उठत नसते. या विधवांनी केळफूल, केळीचा गाभा, भाज्यांच्या साली यांतून असे पदार्थ निर्माण केले की, बंगालची निरामिष पाककला आज वाखाणली जाते. तिचा गौरव अवश्य करावा. पण ती कोणत्या उपासातून जन्मली, हे विसरू नये.

आता मासा पकडणाऱ्याकडे वळू. अकराव्या शतकात पाल राजा दुसरा महीपाल यास मारून दिव्य नावाच्या कैवर्त नायकाने वरेंद्रीचे राज्य घेतले. कैवर्त म्हणजे नाव, जाळे आणि नांगर यांवर जगणारा समाज. एके काळी राज्य करणाऱ्या या जलजीवी लोकांवर 1942 साली मोठा घाला आला. ब्रह्मदेश जपानने जिंकला. शत्रूच्या हाती साधने पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याच्या जिल्ह्यांतील, दहा वा अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या. चाळीस हजारांहून अधिक होड्या अशा निकामी झाल्या. नाव गेली तेव्हा कोळ्याचा व्यवसाय गेला, आणि तांदळाचे भाव आकाशाला भिडले. 1943 च्या दुष्काळात सर्वांत आधी जे कोसळले, त्यांत शेतमजुरांबरोबर कोळी होते. सरकारी चौकशी आयोगाने बळींची संख्या सुमारे 15 लाख मानली. पुढील अभ्यासक ती 30 लाखांच्या आसपास मानतात. पाण्याने वेढलेल्या देशात मासे पकडणारा उपाशी मरावा, याहून मोठी विटंबना ती कोणती?

1947 च्या फाळणीने नद्याही वाटल्या गेल्या. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी पद्मेच्या इलिश माशाची आठवण बरोबर आणली. सरस्वतीपूजेच्या दिवशी इलिशची जोडी घरात आणण्याची रीत पुष्कळांनी कलकत्त्यातही सोडली नाही. तेथे ईस्ट बेंगॉल संघ चेंडूच्या सामन्यात जिंकला की इलिश, आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा आनंदाचा संकेतच ठरला. हरवलेले गाव परत मिळत नाही; त्याची चव तेवढी मिळते.

इलिश समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत उलट चढतो. पूर्वी तो प्रयागच्याही पुढे जाई. 1975 साली फराक्का येथील बंधारा सुरू झाल्यापासून ती वाट जवळजवळ बंद झाली. बांगलादेशात आता आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास कित्येक दिवस इलिश पकडण्यास बंदी असते आणि त्या काळात कोळी कुटुंबांस सरकारकडून तांदूळ दिला जातो. मासा सोडणाऱ्यास भात द्यावा, यात त्या जुन्या म्हणीचाच न्याय आहे. 1943 साली तो कोणी पाळला नव्हता. तो तांदूळ वेळेवर आणि पुरेसा पोहोचतो की नाही, यावरच ताटातल्या माशाचे मांगल्य खरे की खोटे ते ठरेल.