पाटाच्या पाण्यापासून बॅटरीपर्यंत

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे समोर आली, की घराघरांतील बोलणे हिंडतफिरत पैशाअडक्यावर येते. शिल्लक पडली आहे ती कशात घालावी? सोने आणि जमीन ही उत्तरे आजोबांच्या वेळेपासून ठरलेली आहेत. अलीकडे मात्र त्यांच्या जोडीला दोन नवी नावे ऐकू येतात : सेमीकंडक्टर आणि बॅटरी. मी शेअरबाजारातला जाणता नव्हे. माझा विषय इतिहास, आणि उद्याचा भाव सांगणे हे काही इतिहासाचे काम नाही. परंतु नवे तंत्र, सरकारचा आश्रय आणि लोकांचा पैसा ही तिन्ही एका ठिकाणी आली म्हणजे पुढे काय घडते, हे इतिहासाला चांगले ठाऊक असते. त्यासाठी विलायतेला जाण्याचेही कारण नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पाहिले तरी पुरे.

१८७६-७७ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाला होता. त्यानंतर सरकारने भाटघरला धरण बांधले आणि १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. आता शेतकऱ्यांच्या पाण्यावर उड्या पडतील, असा साहेबांचा अंदाज होता. तसे झाले नाही. पाऊस बरा झाला की काळ्या रानाचा धनी पाटाकडे पाठ फिरवी. पाणीपट्टी भरावयाची, खत विकत घ्यावयाचे, आणि गुळाचा भाव पडला तर? त्याची शंका अडाणीपणाची नव्हती. त्याच्यापाशी पाणी आले होते, पण पाण्यावर घालण्यास भांडवल नव्हते आणि उसाची विद्याही नव्हती.

ही विद्या आणली सासवडच्या माळ्यांनी. ते कालव्याच्या कडेने आले, खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला आणि गुऱ्हाळे पेटवली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत घालून दिली. पाणी ठरावीक मुदतीने द्यावयाचे आणि ब्लॉकच्या काही भागातच ऊस करावयाचा, असा तिचा सारांश. १९१४ साली दौंडहून बारामतीला छोटी रेल्वे आली आणि गुळाला मोठ्या पेठेची वाट मिळाली. पाणी आधी आले आणि त्यातून मिळकत कशी करावी हे शिकण्यात एक पिढी गेली, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता १९३० कडे येऊ. त्या सुमारास देशात वर्षाला जवळजवळ १० लाख टन परदेशी साखर येत असे, ती बहुतेक जावा बेटातून. १९३२ मध्ये सरकारने कायदा करून साखरधंद्याला संरक्षण दिले; बाहेरच्या साखरेवर हंड्रेडवेटमागे ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली. मग काय विचारता! देशात तीसएक कारखाने होते, ते पाचसहा वर्षांत १३० च्या आसपास गेले. सासवडच्या माळ्यांनी १९३२ मध्येच आपली कंपनी काढून माळशिरस तालुक्यात माळीनगर वसवले. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांचा कारखाना उभा राहिला आणि त्या वस्तीला पुढे वालचंदनगर हे नाव पडले.

तथापि संरक्षणाच्या सावलीत एकटे कोणीच बसत नाही, सगळेच येऊन बसतात. साखर उदंड झाली आणि भाव कोसळले. १९३४ मध्ये सरकारने देशी साखरेवरही अबकारी कर बसवला. कागदावर सोपा दिसणारा नफा पाहून जे धावत आले होते, त्यांची तारांबळ उडाली. पुढे १९६१ चा जमीनधारणेचा कायदा झाला आणि खाजगी कारखान्यांचे हजारो एकरांचे मळे शेती महामंडळाकडे गेले. ज्या जमिनीला अक्षय ठेव मानले होते, तीच हातची गेली.

मग उरले काय? वालचंदनगरला उरली ती कारागिरी. पहिल्या कारखान्यांची यंत्रे विलायतेहून आली होती. ती चालवता चालवता, मोडली की दुरुस्त करता करता, येथील माणसे यंत्रे घडवू लागली. स्वातंत्र्यानंतर वालचंदनगरहून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर जाऊ लागली, आणि चांद्रयान-३ ला घेऊन २०२३ च्या जुलैत जो अग्निबाण झेपावला त्याच्या बूस्टरचे भागही येथेच घडले. दुसरीकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने निघाले आणि नुसता ऊस घालणारा शेतकरी भागधारक झाला. माझ्या मते या भूमीतली खरी गुंतवणूक ही दोनच : हातात मुरलेले कसब आणि मालकीतला वाटा.

आजचे चित्र याहून फारसे निराळे नाही. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने बॅटरीच्या सेलसाठी १८,१०० कोटींची आणि डिसेंबरात सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. तेव्हा जकातीची भिंत होती, आता प्रोत्साहनाची थैली आहे. पण हेतू तोच. बारामतीत तीनचाकी गाड्या बनवणाऱ्या पियाजिओने २०१९ च्या अखेरीस विजेवरची ‘आपे’ बाजारात आणली. गाडी बारामतीची खरी, परंतु आपल्या देशातल्या अशा गाड्यांचे लिथियम सेल अजून बहुतांशी बाहेरून येतात. आणि भावाचे म्हणाल, तर २०१० मध्ये एका किलोवॉट-अवरच्या बॅटरीला १,००० डॉलरहून अधिक पडत, ते २०२४ मध्ये ११५ वर आले. गिऱ्हाइकाची दिवाळी, पण कारखानदाराची परीक्षा! १९३० नंतरची साखर मला येथे आठवते.

चिपचेही तसेच. सर्वांत बारीक चिप कोरण्याची यंत्रे जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. चिपचे कारखाने अनेकांनी काढले, तरी त्यांना त्या एकाच दाराशी जावे लागते. शिवाय घोषणा म्हणजे गुंतवणूक नव्हे, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी करार केला तो गुजरातशी, आणि २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली.

म्हणून कोणी या धंद्यात पैसा घालण्याचे म्हटले, तर मी त्याला परावृत्त करणार नाही. पण तीन प्रश्न जरूर विचारीन. सरकारचा हात निघाला तर ही कंपनी उभी राहील काय? बाहेरची यंत्रे आणून ती नुसती जोडणी करते, की काही स्वतः घडवण्यास शिकते आहे? आणि तिच्यामागे काय साचणार आहे?

हा तिसरा प्रश्न नीरेच्या काठानेच मला शिकवला. उसाला बेसुमार पाणी दिल्याने कालव्याखालची कितीतरी काळी राने चिबड झाली, खारवली. पाण्याने लक्ष्मी आणली आणि पाण्यानेच काही ठिकाणी ती नेली. पुढे चर खणून ते पाणी बाहेर काढावे लागले आणि तो खर्च गुळाच्या हिशोबात कोणी धरलेला नव्हता. चिपच्या कारखान्याला अतिशुद्ध पाणी मुबलक लागते आणि बॅटरी कधी ना कधी निकामी होतेच. तिची विल्हेवाट कोण लावणार, हे आजच्या वहीत लिहिलेले असावे. माळेगाव-भवानीनगरच्या शेतकऱ्याने उसाच्या पैशातून आपला वाटा जमवला, तसे आपणही शिलकेतून बेताने घालावे, आणि घरातल्या एखाद्या मुलामुलीला हे तंत्र मुळापासून शिकवावे. भाव पडला तरी ती विद्या घरातच राहते.