बार्शीची नोंदवही

१९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, खेड्यांसाठीची देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. मुंबईत १९६३ पासून अशी नोंदणी होती, पण तिथे दवाखान्यांचे कागद मिळायचे. आमच्याकडे आजारी बाई दवाखान्याची पायरी चढायचीच उशिरा. म्हणून आम्ही कार्यकर्ते गावोगाव हिंडायचो; सरपंचांना भेटायचो, घरोघरी विचारायचो. एखादी आजी चुलीपुढं बसून हलक्या आवाजात सांगायची, "पाळी जाऊन लई वर्सं झाली बाई, अन् आता परत अंगावर जातंय." ही ओळ वहीत उतरली की तिला तपासणीला न्यायची खटपट सुरू. पुढे आकडे मांडले तेव्हा दिसलं, गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता.

१९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात याच कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, चार गट. धोका कुणाला, हे आधीच ओळखणारी एचपीव्ही चाचणी एका गटाला एकदाच देऊ केली. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ६४. त्या गटाला माहिती दिली होती, तपासणी नव्हती. देशात तेव्हा नियमित तपासणी नव्हतीच, हे कारण मला ठाऊक आहे. तरी ते ६४ मला नुसता आकडा म्हणून वाचता येत नाहीत. त्या बाया आमच्या शेजारच्याच होत्या.