बोरूपासून बोटापर्यंत

वडोदऱ्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. पेटीत फडक्यात बांधलेला रुमाल आणि रुमालात मोडी कागद. ती सनद आहे, देण्याघेण्याचा हिशेब आहे की माहेरी पाठवलेले पत्र, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. कागद आपल्याच पणजोबांचा, भाषा आपलीच, अक्षर मात्र परके. मोबाइलमुळे मुले मराठीपासून तुटली, अशी तक्रार आपण मंडळाच्या बैठकींत नेहमी करतो. ती करण्याआधी या पेटीकडे एकदा पाहावे, असे आम्हांला वाटते. लिहिण्याचे साधन बदलले की लिपी बदलते आणि लिपी बदलली की दोन पिढ्यांमधले बोलणे तुटते, हे आपल्या घरात एकदा घडून गेले आहे.

मोडी ही हाताची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे वळवत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. पेशव्यांचा, गायकवाडांचा, होळकर-शिंद्यांचा कारभार या वेगावर चालला. मग छापखाना आला. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले. १८१० सालचा त्याचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत निघाला. म्हणजे मोडी छापताच येत नव्हती, असे नाही. पण एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांपेक्षा सुटे बाळबोध अक्षर छपाईला सोयीचे होते. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले तेही बाळबोधीत. छापील ते बाळबोध आणि हाताचे ते मोडी, ही वाटणी बराच काळ टिकली. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली आणि पेटी मुकी झाली.

या बदलात आपण फक्त गमावलेच, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. छापील अक्षराशिवाय हे शक्य नव्हते. दरबारी कारकुनाची विद्या खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचली ती या वाटेने.

आता मोबाइलकडे येऊ. सुरुवातीच्या फोनांवर देवनागरी नव्हती, म्हणून आपण मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत पाठवू लागलो. मराठीला हे नवीन नाही. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रोमन लिपीतच छापले गेले. पण तो छपाईच्या अगदी आरंभीचा काळ होता. आज तशी अडचण नाही. संगणकाच्या युनिकोड या जागतिक अक्षरसंचात देवनागरी १९९१ पासून आहे, आणि २०१४ मध्ये तर मोडीलाही त्यात स्थान मिळाले. तरी सवय सुटली नाही. काल, काळ आणि कळ हे तिन्ही शब्द एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले जातात, ण आणि न एक होतात. घरात उत्तम मराठी बोलणाऱ्या नातवाला दुकानाची मराठी पाटी अडखळत वाचावी लागते. मागच्या वेळी छापखान्याची सोय हे कारण तरी होते. या वेळी यंत्राला दोष देता येणार नाही.

दुसरी गोष्ट खाजगीपणाची. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. ते वाटेत कुणीही वाचू शके, म्हणून 'बाकी भेटीअंती' लिहून नाजूक विषय राखून ठेवण्याची रीत होती. उघडे पत्र उघडे आहे, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये निरोपांना पक्के कुलूप लावले खरे, पण किल्ली प्रत्येक काका-मावशीच्या हातात आहे. मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, पत्ता आणि फोटो असलेला विवाहाचा बायोडेटा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आणि तिलाच त्याचा पत्ता नसतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. आपल्या घरात तो अजून पोहोचायचा आहे.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. गुजराती आपलीशी केली, तरी मराठी टिकली ती घरातल्या बोलण्यामुळे आणि कागदावरच्या अक्षरामुळे. यातला एक आधार आपण स्वतःहून सोडतो आहोत. म्हणून या गणेशोत्सवात दोन साध्या गोष्टी कराव्यात. आरतीला जमलेल्या मुलांकडून आजी-आजोबांच्या फोनवर मराठी कळफलक सुरू करून घ्यावा, आणि पहिला निरोप मुलांनी त्यांना देवनागरीत लिहावा. दुसरे म्हणजे, कुणाचा कागद वा फोटो पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला विचारावे.

माळ्यावरची पेटी निदान अजून हातात तरी घेता येते. मोडी जाणणारा भेटला की ती पुन्हा बोलू लागेल. फोनमधली पत्रे फोनबरोबरच जातात. आणि उरलीच, तरी ती वाचणारे डोळे घरात असायला हवेत.